मांडवीची खोटी चिठ्ठी

लाल पांडा पाहायला आमच्या शिरपूरची माणसं आता थेट दार्जिलिंगपर्यंत जातात. सिंगालीलाच्या रानात, धुक्यात आणि बांबूच्या झुडपांत तास-तास थांबायचं. नशीब असेल तर वाटाड्या एखादी झुबकेदार शेपटी दाखवतो. परतल्यावर फोटो बघायला बोलावतात, मीही हौसेने जातो. पण चहा संपता संपता माझा विषय ठरलेला असतो. पांड्याहूनही संख्येने कमी असलेला एक जीव आपल्या बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी राहतो. त्याचं नाव रानपिंगळा.

गोष्ट सुरू होते खान्देशाबाहेर. 1872 साली ब्लेविट नावाच्या इंग्रजाला आजच्या छत्तीसगडात एक अनोळखी घुबड मिळालं. ॲलन ह्यूमने पुढच्याच वर्षी त्याचं वर्णन छापलं आणि त्याला ब्लेविटचं नाव दिलं. हा ह्यूम म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणाराच. मग 1880 च्या सुमारास खान्देशात सरकारी नोकरीवर असलेल्या जेम्स डेव्हिडसनला हाच पक्षी शहादा-तळोद्याच्या जंगलात भेटला. एकदा नव्हे, अनेकदा. त्याने पेंढा भरून नमुने विलायतेला पाठवले. 1884 नंतर मात्र पक्षी कुणालाच दिसेना. जगभरच्या संग्रहालयांत मिळून इनमीन सात नमुने उरले.

सातांपैकी एकाने सगळा घोळ घातला. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि नावाजलेला पक्षीतज्ज्ञ रिचर्ड माइनर्ट्झहागेन याच्या संग्रहातल्या नमुन्यावर चिठ्ठी होती: मांडवी, गुजरात, 1914. म्हणजे पक्षी विसाव्या शतकातही होता आणि तापीच्या खालच्या अंगाला होता, असा अर्थ निघाला. सत्तरच्या दशकात सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या दिग्गजांनी शोध घेतला, पण हाती काही लागलं नाही. पक्षी संपला, असंच बहुतेकांनी धरून चाललं.

पामेला रासमुसेन या अमेरिकी संशोधिकेने नव्वदच्या दशकात हे सगळे नमुने पुन्हा उलगडून पाहिले. मांडवीचा नमुना डेव्हिडसनचाच निघाला. संग्रहालयातून चोरलेला, उसवून पुन्हा भरलेला आणि नवी चिठ्ठी बांधलेला! चोराची हुशारी अशी की पक्षी खरा होता, फक्त गाव आणि साल खोटं. मला या प्रकरणात चोरीपेक्षा तेच जास्त खुपतं. खोट्या पक्ष्याचा संशय कुणाला तरी आला असता. खोट्या पत्त्यावर मोठमोठी माणसं विश्वासाने विसंबली.

तो नमुना बाजूला काढल्यावर भरवशाचे जुने पत्ते थोडेच राहिले. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट आधी पूर्वेकडच्या जंगलांत फिरले. तिकडे पदरी निराशाच आली. मग ते डेव्हिडसनच्या मुलखात आले. 25 नोव्हेंबर 1997 च्या सकाळी, शहाद्याजवळ, उघड्या फांदीवर ऊन खात बसलेलं एक घुबड किंगच्या नजरेस पडलं. डोक्यावर ठिपके नाहीत, पाय जाड आणि पांढऱ्या पिसांनी भरलेले, पोट स्वच्छ पांढरं. 113 वर्षांनी पत्ता लागला.

आमच्याकडच्या जुन्या माणसांना इथे एक गोष्ट सांगायला आवडते. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला 1 जुलै 1998 ला. म्हणजे त्या सकाळी शहादा धुळे जिल्ह्यातच होतं, शिरपूरसारखंच. एवढी बातमी आपल्या जिल्ह्यात घडली आणि आम्हाला तिचा पत्ताच नव्हता. गावातल्या वडावर रोज संध्याकाळी चिरकणारा साधा ठिपकेदार पिंगळा तेवढा आम्हाला ठाऊक. पहाटे दारी येऊन पाखराची भाषा सांगणारा पिंगळा, तोही ठाऊक. पण घुबड म्हणजे रात्र, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की भर दिवसा सरडे आणि टोळ टिपणारं घुबड असतं हे पटायलाच वेळ गेला.

पुढची वर्षं मात्र कामाची गेली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तोरणमाळ-तळोद्यात पक्ष्याच्या सवयी नोंदवल्या. नंतर तो मेळघाटात सापडला, आपल्या यावलच्या अभयारण्यात सापडला आणि 2014 साली तर मुंबईजवळच्या तानसात. 2018 मध्ये जागतिक यादीत त्याचा धोका एक पायरी उतरला. पण पक्षी वाढले म्हणून नव्हे, तर नव्या जागा कळल्या म्हणून. प्रौढ पक्षी अजूनही हजाराच्या आतच असावेत असा अंदाज आहे.

आणि जिथे डेव्हिडसनला तो वारंवार दिसला, ते तळोद्याकडचं सपाटीचं जंगल? त्यातला मोठा भाग सरदार सरोवराच्या विस्थापितांना वसवण्यासाठी गेला. त्या माणसांना दोष देता येत नाही, त्यांचंही रान पाण्याखाली गेलं होतं. उरलेल्यात अतिक्रमण आहे, कुऱ्हाड आहे, उन्हाळ्यात वणवा आहे. जादूटोण्यासाठी घुबड मारणारेही आहेत. या पक्ष्याला घरटं करायला जुन्या झाडातली ढोली लागते, आणि पोकळ झाडच सरपणाला आधी तुटतं.

दार्जिलिंगला जरूर जा. पण एखाद्या जानेवारीत, सागाची पानं गळत असताना, सकाळी सात ते दहा या वेळात पायथ्याच्या रानात स्थानिक पावरा वाटाड्या घेऊन फिरून या. डोक्यावर ठिपके आहेत का, तेवढं आधी पाहा. आणि पक्ष्याला जवळ बोलावायला मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नका; तो विणीचा काळ असतो.