डिझेल गाडी पाहायची तर डिसेंबरच्या पहाटे पाहा

आजचा भाग सकाळी साडेसहाला रेकॉर्ड करतोय, त्यामुळे आवाज थोडा बसलेला वाटेल. यवतमाळ तसं उंचावर, समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास. आत्ता बाहेर शेकोटीशिवाय उभं राहवत नाही.

कापसाचे पैसे हातात आले की आपल्या जिल्ह्यात दोन गोष्टींची बोलणी सुरू होतात, लग्नाची आणि गाडीची. लग्नातलं मला फार कळत नाही. गाडीबद्दल मात्र एकच प्रश्न सारखा येतोय: "दादा, थंडीत डिझेल गोठते म्हणतात, मग जुनी डिझेल गाडी घ्यावी का?"

आधी गोठण्याचं बघू. डिझेलमध्ये मेणासारखा अंश असतो. फार थंडीत तो घट्ट होतो आणि फिल्टर चोंदतो. ही अडचण खरी आहे, पण ती लडाखची. तिथल्यासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये वेगळं हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. आपल्याकडे पारा आठ-दहापर्यंत उतरला तरी पेपरात बातमी येते. म्हणजे वणी, पुसद, दारव्हा, कुठेही राहा, टाकीतलं डिझेल गोठायची काळजी नको.

मग तरीही जानेवारीत जुनी डिझेल गाडी सकाळी रुसते का? कारण डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. पेट्रोल गाडीत स्पार्क प्लग आग लावतो. इथे हवा सोळा-सतरा पट दाबली जाते, त्या दाबाने ती तापते आणि मग त्यात डिझेलचा फवारा पडला की पेट घेतो. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला गरम लागतं ना? तेच. आता इंजिन रात्रभर गारठलेलं असलं तर ती उष्णता सगळी लोखंड पिऊन टाकतं. म्हणून हीटर प्लग दिलेले असतात, एका सिलिंडरला एक. चावी एक खटका फिरवली की मीटरवर कॉइलसारखं पिवळं चिन्ह पेटतं. ते विझेपर्यंत थांबायचं आणि मगच सेल्फ मारायचा. अर्धे लोक थांबतच नाहीत. मीही थांबत नसे, मला कुणी सांगितलंच नव्हतं.

माझी गोष्ट सांगतो. पहिली डिझेल गाडी मी मे महिन्यात, भर दुपारी दोनला पाहिली. बाहेर चव्वेचाळीस अंश. अर्ध्या सेल्फला चालू झाली, एसी गार, सीट कव्हर नवं. मी खूश. विकणाऱ्याने चहा पाजला, मी टोकन दिलं. पुढच्या जानेवारीत बाबांना सेवाग्रामला दवाखान्यात न्यायचं होतं, सकाळी लवकर नंबर लावायचा म्हणून पाचला निघणार होतो. गाडी चालूच होईना. पांढऱ्या धुराचा लोट, इंजिन दोनदा खोकल्यासारखं झालं आणि सहाव्या सेल्फला बॅटरी बसली. बाबा मफलर गुंडाळून, फाइल मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर तसेच बसून होते. शेवटी शेजारच्या काकांच्या पिकअपमध्ये पोचलो, पण उशिरा. बाबा काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने उघडून पाहिलं. चारपैकी तीन हीटर प्लग मेलेले. ते काही हजारांचं काम, त्याचं काही नाही. पण एका सिलिंडरचं कॉम्प्रेशनही उतरलेलं होतं, म्हणजे इंजिन काम. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, दुपारी तं कोनतीबी गाडी चालू होते. तू सकाळी कायले नाही गेला?"

तेव्हापासून मी कुणासोबतही गाडी पाहायला जातो तो पहाटेच. थंडीची सकाळ म्हणजे फुकटचा मेकॅनिक आहे. विकणाऱ्याला आदल्या रात्री फोन करून स्पष्ट सांगायचं, "आम्ही सहाला येतो, तोवर गाडी चालू करू नका." गेल्यावर सगळ्यात आधी बॉनेटवर हात ठेवायचा. कोमट लागलं तर "गाडी बाजूला घ्यायची होती म्हणून चालू केली" हे ऐकून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं. ते जमणार नसेल तर ती गाडी सोडायची.

गार असेल तर चावी फिरवा, पिवळं चिन्ह विझू द्या, सेल्फ मारा. दोन-तीन सेकंदांत इंजिनाने पकडलं पाहिजे. सुरुवातीला हलका पांढरा धूर आला आणि मिनिटभरात गेला तर घाबरू नका. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येतच राहिला आणि कूलंट कमी दिसलं, तर हेड गॅस्केटची शंका घ्या. निळसर धूर म्हणजे गाडी ऑइल खाते. रेस केल्यावर दाट काळा धूर आला तर इंजेक्टर, टर्बो, एअर फिल्टर यांच्यापैकी कुठेतरी गडबड आहे. मग इंजिन चालू असतानाच ऑइल भरायचं झाकण जपून सैल करा. आतून भकाभका वाफ आणि दाब बाहेर येत असेल, तर माझ्यासारखं होईल.

एक चलाखी लक्षात ठेवा. विकण्याआधी काही जण जाड ऑइल भरतात. त्याने आवाज दबतो, धूरही कमी दिसतो. दुपारी हे कळत नाही. पहाटे मात्र जाड ऑइल गुळाच्या पाकासारखं होतं आणि बॅटरी चांगली असूनही सेल्फ जड फिरतो. डिपस्टिक काढून बोटावर घेऊन बघा.

आता मॉडेलचं. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये, बीएस-६ आलं तेव्हा, डिझेल बंद केलं. त्यामुळे स्विफ्ट, डिझायर, अर्टिगाच्या डिझेल गाड्या बाजारात दिसतात त्या सगळ्या जुन्याच. त्यांचं १.३ लिटरचं फियाटचं इंजिन गावोगावच्या मिस्त्रींच्या हाताखालून गेलंय, आणि आर्णी-उमरखेडकडे राहणाऱ्याला ही मोठी सोय आहे. बीएस-६ डिझेल घेत असाल तर धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर चांगली तापून पळावी लागते. तुमचं रोजचं जाणं दत्त चौक ते आर्णी रोड एवढंच असेल तर थंडीत इंजिन धड तापतच नाही आणि फिल्टर चोंदतो. अशांनी सरळ पेट्रोल घ्या, माझं ऐका. नागपूर, नांदेड अशा फेऱ्या असतील तरच डिझेल.

आणि दिल्लीच्या गाड्या. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवला, म्हणून त्या स्वस्तात इकडे यायला लागल्या. किंमत पाहून भुलू नका. तिथल्या आरटीओची एनओसी हवी, इथला रोड टॅक्स वेगळा भरायचा, बारा महिन्यांच्या वर ठेवायची तर एमएच २९ पासिंग करावंच लागतं. कर्ज असेल तर आरसीवरचा बँकेचा बोजा उतरल्याशिवाय पैसे देऊ नका. हे सगळं धरून हिशोब केला की स्वस्ताई बरीच आटते.

माझी दुसरी गाडी मी दिग्रसला पाहिली, सकाळी सव्वासहाला. मालकीणबाई स्वेटर घालून अंगणात उभ्या होत्या, म्हणाल्या, "इतक्या सकाळी कोणी येते का जी?" बॉनेटवर दव होतं. बाबांना सोबत नेलं होतं, सेल्फ त्यांनीच मारला.