दंडाची शंभर वर्षे

1926 साली एडविन हबल यांनी दीर्घिकांची वर्गवारी केली, तेव्हा मध्यातून आडवा दंड गेलेल्या सर्पिल दीर्घिकांना वेगळा गट मिळाला. पुढे कितीतरी वर्षे हा दंड आकाराची खूण एवढाच राहिला. आज त्यावरून गाभ्याचा इतिहास वाचला जातो.

आपली आकाशगंगाही दंडधारी असावी, हे 1964 साली जेरार द वोकुलर यांनी वायूच्या गतींवरून सुचवले. तिचा मध्य अकोला-अमरावतीहून मे अखेरीस मध्यरात्रीनंतर दक्षिणेला, सुमारे 40 अंशांवर, धनू राशीत येतो. चिखलदऱ्याच्या अंधारात तिथला पट्टा ठसठशीत दिसतो. गाभा मात्र धुळीआड. अवरक्त प्रकाश ही धूळ भेदतो. त्याच्या आधारे 1991 मध्ये ब्लिट्झ आणि स्पर्गेल यांनी दंडाचा पुरावा दिला.

दंड करतो काय? त्याच्या कडेने वाहणारा वायू आपसात आदळतो, परिभ्रमणाचा जोर गमावतो आणि आत घसरतो. बाजार समितीच्या फाटकाशी कापसाच्या गाड्या तुंबाव्यात तसा तो गाभ्याभोवतीच्या कड्यात साचतो आणि तिथे तारे जन्मतात. अश्मंत तारकासमूहातल्या एनजीसी 1097 मधले असे कडे सुमारे 5,000 प्रकाशवर्षे रुंद आहे.

जुने तारे वाटेल त्या दिशेने फिरतात, त्यामुळे मध्याकडे जाताना वेगांतली विविधता वाढावी, अशी अपेक्षा होती. 2001 मध्ये एरिक एमसेलेम आणि सहकाऱ्यांना काही दंडधारी दीर्घिकांत ती उलट घटलेली आढळली. थंड वायूतून नुकते जन्मलेले तारे शिस्तीत, जवळपास वर्तुळात फिरतात. त्यांचा उजेड जुन्यांवर मात करतो, असा अर्थ लावला गेला.

पुण्यातल्या अजित केंभावी, योगेश वाडदेकर आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये, दंड कुठे अधिक आढळतात हे पाहण्यासाठी, भिंगाकार म्हणजे सर्पिल भुजा नसलेल्या तबकडीच्या दीर्घिका तपासल्या. तेजस्वी दीर्घिकांपेक्षा मंद दीर्घिकांत दंड अधिक आढळले.

2023 मध्ये वेब दुर्बिणीने सुमारे 1,100 कोटी वर्षांपूर्वीचे दंड दाखवले. 2024 मध्ये आकाशगंगेच्या गाभ्यातल्या मीरा प्रकारच्या, म्हणजे ठरावीक काळाने उजेड बदलणाऱ्या ताऱ्यांच्या गतींवरून आपला दंड सुमारे 800 कोटी वर्षांचा ठरला. दंड घडला की वायू आत येतो आणि गाभ्याची तबकडी घडू लागते; म्हणून तिथल्या ताऱ्यांचे वय म्हणजे दंडाच्या जन्माची नोंद. तरीही आज त्या गाभ्यात वायू मुबलक असूनही तारे अपेक्षेपेक्षा बरेच कमी जन्मतात. दंड कच्चा माल पोचवतो. त्याचे तारे कधी होतील, हे ठरवणे त्याच्या हातात नाही.