जंतूंचा वार्षिक ताळेबंद

अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातला किंवा पारनेरच्या माळावरचा माणूस तापाने फणफणत मोठ्या रुग्णालयात पोचतो, तोवर दोन-तीन अँटिबायोटिक्स त्याच्या अंगात भिनून गेलेली असतात. पहिले मेडिकलवाल्याकडून मागून घेतलेले, दुसरे गावातल्या डॉक्टरांनी पुडीत बांधून दिलेले, तिसरे तालुक्याला सलाईनमधून चढवलेले. नगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. 14 तालुके, 17 हजार चौरस किलोमीटर मुलूख आणि 2011च्या जनगणनेनुसार 45 लाखांवर लोक. एवढ्या मुलखातले अवघड रुग्ण शेवटी लोणी, विळद घाट आणि नगर शहरातल्या मोजक्या अतिदक्षता विभागांत गोळा होतात. त्यांच्यासोबत त्यांचे जंतूही येतात, आणि तेही तिन्ही औषधांचा मारा पचवून आलेले असतात.

औषधाला न जुमानणाऱ्या या जिवाणूंपायी जगात किती माणसे दगावतात, याचा मोठा अंदाज ‘लॅन्सेट’मध्ये 2022 साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार 2019 या एका वर्षात 12 लाख 70 हजार मृत्यू थेट या कारणाने झाले, आणि सुमारे 49 लाख 50 हजार मृत्यूंशी त्याचा संबंध होता. आकडा जगाचा असला तरी लढाई वॉर्डावॉर्डात चालते. नगरच्या वॉर्डातला जंतू मुंबईच्या जंतूसारखा वागेलच असे नाही. एकाच रुग्णालयातल्या दोन मजल्यांवरही फरक पडतो.

जिवाणू औषधाला दाद देईनासा होतो, त्याच्या तऱ्हा ठरलेल्या आहेत. काही जिवाणू औषधाचा रेणू तोडणारे विकर बनवतात. काही आत शिरलेले औषध पंपासारख्या प्रथिनांनी बाहेर फेकतात. काही औषध आत येण्याची भोकेच अरुंद करतात, तर काही औषध जिथे चिकटायचे ती जागा बदलून टाकतात. ही हुन्नर पुष्कळदा प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या लहानशा कड्यावर लिहिलेली असते, आणि हे कडे एक जिवाणू शेजारच्या वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतो. अँटिबायोटिक घेतले की लेचेपेचे जिवाणू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि रिकाम्या जागेत वाढतात. सर्दी-पडशासारख्या विषाणूंच्या आजारावर या औषधाचा काडीचा उपयोग नसतो; पोटातल्या निरुपद्रवी जिवाणूंना मात्र फुकटची तालीम मिळते.

महाराष्ट्र याबाबत खडबडून जागा झाला तो 2010 साली. त्याआधी 2008मध्ये स्वीडनमध्ये एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या लघवीत क्लेबसिएला जातीचा जिवाणू सापडला होता. हा रुग्ण त्यापूर्वी दिल्लीच्या रुग्णालयात राहून आला होता. कार्बापेनेम हा अँटिबायोटिक्सचा राखीव गट. बाकीची हरली की तो काढायचा. या जिवाणूकडे तोच गट तोडणारे विकर होते. त्याला ‘न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’, थोडक्यात ‘एनडीएम-1’, असे नाव पडले आणि नावावरून देशात गदारोळ उठला. पण त्या गदारोळाच्या आधीच, मार्च 2010मध्ये, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. पायल देशपांडे, डॉ. कॅमिला रॉड्रिग्ज आणि सहकाऱ्यांनी आपल्या घरची मोजणी छापून टाकली होती. 2009च्या उत्तरार्धातल्या तीन महिन्यांत त्यांनी कार्बापेनेमला न जुमानणारे 24 नमुने तपासले. त्यातल्या 22मध्ये एनडीएम-1 निघाले. शोधनिबंध जेमतेम तीन पानांचा होता. आपल्याच रुग्णालयातली वाईट बातमी आपणच मोजायची आणि उघड सांगायची, हा धडा त्याने घालून दिला.

ही मोजणी करायला फार महागडी यंत्रे लागतात असे नाही. मोठ्या रुग्णालयांत यंत्रे आली आहेत, पण मूळ पद्धत 1966 साली बॉअर, किर्बी आणि सहकाऱ्यांनी मांडली तीच. रुग्णाचे रक्त, लघवी, थुंकी किंवा जखमेतला पू आधी पोषक माध्यमावर उबवायचा, म्हणजेच कल्चर करायचे. दुसऱ्या दिवशी वाढलेला जिवाणू ओळखायचा, त्याचे ठरावीक गढूळपणाचे पाणी करायचे आणि कापसाच्या बोळ्याने मुलर-हिंटन आगारच्या बशीवर एकसारखे सारवायचे. त्यावर औषध मुरवलेल्या, 6 मिलिमीटर व्यासाच्या कागदी चकत्या ठेवायच्या. रात्रभर 35 अंशांच्या आसपास बशी उबवली की ज्या औषधाने जिवाणूची वाढ थांबते, त्या चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ उमटते. पट्टी लावून ते मोजायचे. स्टॅफिलोकॉकस ऑरिअस या जखमांमधल्या नेहमीच्या जंतूसाठी सेफॉक्सिटिनच्या चकतीभोवतीचे वर्तुळ 22 मिलिमीटर किंवा जास्त भरले तर ठीक. 21 किंवा कमी भरले, तर तो ‘एमआरएसए’, म्हणजे पेनिसिलिनच्या कुळातल्या जवळपास सगळ्याच औषधांना पुरून उरणारा. एका मिलिमीटरने रुग्णाचे औषध बदलते.

यात दोन-तीन दिवस जातात आणि अडचण इथेच आहे. अंगात जंतुसंसर्ग पसरलेल्या रुग्णाला तीन दिवस थांबता येत नाही. पहिला डोस अंदाजानेच द्यावा लागतो. तो अंदाज कशावर बांधायचा? औषध कंपनीच्या प्रतिनिधीने ठेवलेल्या माहितीपत्रकावर, की आपल्याच रुग्णालयाच्या वर्षभराच्या नोंदींवर? या नोंदींच्या गोषवाऱ्याला अँटिबायोग्राम म्हणतात. सहकारी साखर कारखान्याचा सभासद वार्षिक सभेत ताळेबंद उघडून नफा-तोटा पाहतो, तसा हा रुग्णालयाचा ताळेबंद: कोणता जंतू किती वेळा सापडला आणि त्यातले शेकडा किती कोणत्या औषधाला बधले. तो मांडण्याचे नियमही कडक आहेत. एका रुग्णाचा एका जंतूचा वर्षातला पहिलाच नमुना धरायचा. नाहीतर महिनाभर आयसीयूत असलेल्या एकाच रुग्णाचे वारंवार घेतलेले नमुने सगळी टक्केवारी बिघडवतात. एखाद्या जंतूचे निदान 30 नमुने असल्याशिवाय त्याची टक्केवारी काढायची नाही.

नगर जिल्ह्याला हे जमण्यासारखे आहे. जिथे विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, त्या लोणीत 1984पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. विळद घाटात दुसरे आहे. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग आला, प्रयोगशाळा आली, प्रबंधासाठी विषय शोधणारे पदव्युत्तर विद्यार्थी आले. खेड्यापाड्यांतल्या जंतूंचा अभ्यास शहरात बसून होत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2013मध्ये देशातल्या निवडक रुग्णालयांना जोडून देखरेखीचे जाळे उभारले. पण त्यात भर मोठ्या शहरांतल्या मोठ्या संस्थांवर. ऊसतोडणीला आलेल्या मजुराच्या पायातल्या जखमेत काय वाढते, हे जिल्ह्यातल्या प्रयोगशाळेनेच सांगायचे.

मोजून झाले की आवरही घालावा लागतो. अ‍ॅसिनेटोबॅक्टर हा आयसीयूतला चिवट जंतू कोरड्या पृष्ठभागावरही आठवडेच्या आठवडे तग धरतो. पलंगाचा कठडा, मॉनिटरचे बटण, नातेवाइकाचा मोबाइल, काहीही त्याला चालते. लघवीची नळी, श्वासाची नळी, मोठ्या शिरेतली सुई यांवर जिवाणू चिकट थर बांधून राहतात. त्या थरात औषध नीट शिरत नाही. म्हणून नळी गरज संपताच काढणे हाच उपचार. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइसने 1847 साली डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. पावणेदोनशे वर्षांनंतरही त्याहून स्वस्त उपाय सापडलेला नाही. अल्कोहोलचे द्रावण हातावर 20 ते 30 सेकंद चोळायला लागते, एवढेच.

सगळा दोष रुग्णालयाच्या माथी मारूनही चालणार नाही. नगर हा दुधाचा जिल्हा. गाईला दगडी, म्हणजे कासदाह, झाला की सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडली जाते. त्यानंतर ठरलेले दिवस दूध संकलन केंद्रावर घालायचे नसते. तो नियम तोट्याच्या भीतीने मोडला की औषधाचा अंश चहाच्या कपापर्यंत येतो. कोलिस्टिन हे माणसासाठी अगदी शेवटचे औषध. तेच कोंबड्यांच्या वाढीसाठी खाद्यात घातले जात होते. जुलै 2019मध्ये केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली. माणसांच्या औषधांसाठी मार्च 2014पासून ‘शेड्यूल एच-1’ लागू आहे: राखीव अँटिबायोटिक विकताना दुकानदाराने रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वहीत नोंदवायचे आणि वही तीन वर्षे जपायची. कायदा चांगला आहे. वही कोण तपासते, हा प्रश्न आहे.

नवी औषधे येतील, या आशेवर किती राहावे? पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये 1955 साली पेनिसिलिन बनू लागले, तेव्हा जंतूंचा जमाना संपला असेच लोकांना वाटले होते. नोव्हेंबर 2024मध्ये केंद्र सरकारने ‘नॅफिथ्रोमायसिन’ची घोषणा केली. हे न्यूमोनियावरचे औषध वोखार्ट कंपनीचे. त्यामागे 14 वर्षांचे संशोधन आहे. कौतुक करावेच. पण एक औषध घडवायला 14 वर्षे लागतात, आणि ते खोकल्याच्या प्रत्येक पुडीत बांधले गेले तर त्याची धार जायला तेवढीही लागणार नाहीत.

तेव्हा वाचकांना एवढेच सांगणे. अँटिबायोटिक लिहून मिळाले, तर डॉक्टरांना विचारा: आजार जिवाणूंचा आहे की विषाणूंचा? औषध किती दिवस घ्यायचे? रुग्ण दाखल असेल तर विचारा: पहिल्या डोसाआधी कल्चर पाठवले का, आणि रिपोर्ट आल्यावर औषध बदलणार का? भल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. घरात उरलेली गोळी शेजाऱ्याला देऊ नका. आणि आपल्यापैकी जे कुणी एखाद्या रुग्णालयाचे विश्वस्त, संचालक किंवा देणगीदार असतील, त्यांनी नव्या इमारतीच्या कोनशिलेआधी मागच्या वर्षाचा अँटिबायोग्राम मागावा. तो नसेल, तर पहिली देणगी प्रयोगशाळेला द्यावी.