🐐 *शेळीपालन सल्ला: बिनशिंगी शेळीला बिनशिंगी बोकड दाखवू नका*



पाठ दीड वर्षाची झाली, अंगानं भरली, तरी माजावर येत नाही. उलट बोकडासारखी दुसऱ्या शेळ्यांवर उडते, अंगाला वासही तसाच. आपण औषधं करतो, बोकड बदलतो, खुराक वाया जातो. अशा पाठीचे आईबाप आठवून बघा. दोघंही जन्मतः बिनशिंगी होते का?

*असं का होतं?*
शेळीत गुणसूत्रांच्या ३० जोड्या असतात. त्यातली एक जोडी नर-मादी ठरवते: एक्स-एक्स म्हणजे मादी, एक्स-वाय म्हणजे नर. बिनशिंगीपणाची जागा मात्र वेगळ्याच, १ नंबरच्या गुणसूत्रावर आहे. फ्रान्सच्या शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये दाखवलं की बिनशिंगी शेळीत तिथला एक तुकडा गळालेला असतो. मादीचं अंडाशय घडवणारं शेजारचं जनुक चालू व्हायला तोच तुकडा लागतो.

हा दोष आई किंवा बाप, एकाकडूनच आला तर फक्त शिंगं येत नाहीत, पाठ चांगली गाभण राहते. *दोघांकडून आला तर अंडाशय घडतच नाही. पाठ कायमची वांझ, औषधाचा उपयोग नाही.*

*हिशोब*
▪️ दोघंही बिनशिंगी: साधारण ४ पाठींत १ वांझ. बोकडात दोष दुहेरी असेल तर २ पाठींत १.
▪️ दोघांपैकी एक शिंगवाला: या कारणानं एकही नाही.

*काय करायचं?*
1️⃣ पैदाशीचा बोकड शिंगवालाच ठेवा. उस्मानाबादीत बिनशिंगी शेळ्या बऱ्याच दिसतात, पण बोकड बहुतेक शिंगवाले असतात, त्यामुळे निवड अवघड नाही.
2️⃣ बाजारात बोकड घेताना डोकं चाचपा. शिंगाचा खुंट किंवा डागल्याची खूण लागली तर तो जन्मतः बिनशिंगी नाही.
3️⃣ बिनशिंगी शेळी विकायची गरज नाही. तिला शिंगवाला बोकड दाखवा.
4️⃣ बिनशिंगी मादी करडाची शेपटी उचलून बघा. निरणात वाटाण्याएवढी गाठ दिसली तर डॉक्टरांना दाखवा. दोष पक्का झाला तर ती पैदाशीला ठेवू नका, मटणासाठी वाढवा.
5️⃣ शेळी उलटण्याला जंत, खनिजांची कमतरता अशी कारणंही असतात. आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या.

पाड्यावर बहुतेक एकच बोकड सगळ्यांच्या शेळ्यांना लागतो. म्हणून ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांनाही हा निरोप वाचून दाखवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, शेणवा