जाणणे आणि मानणे

'मला ठाऊक आहे' आणि 'मला वाटते' हे दोन शब्दप्रयोग आपण रोजच्या बोलण्यात सहज एकमेकांच्या जागी योजतो. वस्तुतः त्यांत मोठे अंतर आहे. खोट्या गोष्टीवर दृढ विश्वास बसू शकतो. खोट्या गोष्टीचे ज्ञान मात्र होऊ शकत नाही. एवढे सर्वांस मान्य आहे. खरी अडचण पुढेच आहे. मानलेली गोष्ट खरी निघाली, म्हणजे ती आपण जाणत होतो असे म्हणावे काय?

आठव्या शतकातील बौद्ध तार्किक धर्मोत्तर याने याविषयी मार्मिक दृष्टान्त दिला आहे. मांस भाजण्यासाठी नुकताच अग्नी पेटविला आहे, धूर अजून निघालेला नाही, आणि मांसाच्या वासाने वर माश्यांचा थवा जमला आहे. दुरून पाहणारा त्या थव्यास धूर समजतो आणि तेथे अग्नी असल्याचे अनुमान करतो. अग्नी खरोखरच आहे. पण ज्या धुरावर अनुमान उभे केले तो धूरच नव्हता. तेव्हा हे ज्ञान नव्हे. पाश्चात्य विचारवंतांत 'सकारण व खरा विश्वास म्हणजे ज्ञान' ही समजूत रूढ होती. १९६३ साली एडमंड गेटियर या अमेरिकन अध्यापकाने अवघ्या तीन पानांच्या लेखात याच धर्तीची उदाहरणे देऊन ती अपुरी ठरविली.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. समजा, एखाद्या संस्थेच्या कीर्दीत एका दात्याचे ५० रुपये जमेस धरावयाचे राहिले आणि त्याच दिवशी ५० रुपयांचा खर्चही लिहावयाचा राहिला. खजिनदार कीर्द पाहून सांगतात, 'पेटीत ८४० रुपये आहेत.' मोजल्यावर तितकेच भरतात. विधान खरे ठरले, पण दोन चुकांनी एकमेकींस झाकले म्हणून! आणि त्या दात्याचे नाव मात्र वहीतून गेलेच.

मग स्वतः पाहिल्यावाचून काहीच मानू नये काय? तसे केल्यास जगणेच अशक्य होईल. आपली जन्मतिथी आपणांस वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरूनच ठाऊक असते. गौतमाच्या न्यायसूत्रांत प्रत्यक्ष, अनुमान व उपमान यांच्याबरोबर 'शब्द' हेही प्रमाण मानले आहे. परंतु तो शब्द आप्ताचा असावा लागतो. येथे आप्त म्हणजे नातलग नव्हे. ज्याने वस्तुस्थिती नीट जाणली आहे आणि जो ती जशीच्या तशी सांगू इच्छितो, तो आप्त. भाष्यकार वात्स्यायनांनी तर हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांस सारखेच लागू केले आहे. 'आपला माणूस आहे' एवढ्याने कोणाचा शब्द प्रमाण होत नाही, आणि परका आहे म्हणून तो अप्रमाणही ठरत नाही.

धर्मादाय संस्थांनी हा विचार विशेष ध्यानी घ्यावा, असे आम्हांस वाटते. 'विश्वस्त' या शब्दातच विश्वास आहे. प्रत्येक दात्यास वह्या चाळता येत नाहीत, प्रत्येक गरजू विद्यार्थ्याच्या घरी जाता येत नाही. तो विश्वस्तांच्या शब्दावर विसंबतो. म्हणूनच विश्वस्तांनी ऐकीव माहितीवर भागवू नये. अर्जदाराची प्रत्यक्ष चौकशी करणे हा त्याचा अपमान नव्हे आणि हिशेब तपासून घेणे हा खजिनदारांवरील अविश्वास नव्हे. इतरांनी निश्चिंतपणे मानावे यासाठी कोणीतरी कष्टाने जाणून घ्यावे लागते. विश्वस्तांनी पत्करलेले काम तेच होय.