मतदान केंद्रावर पोचण्याआधी : स्थानिक निवडणुकांबद्दलचे काही गैरसमज

निवडणुकीचे वारे वाहू लागले की एक संदेश दरवेळी मोबाइलवरून मोबाइलवर फिरतो. मजकूर ठरलेला असतो. यादीत नाव नसले तरी आधार कार्ड दाखवा, 'कलम ४९ अ'खाली 'चॅलेंज व्होट' मागा आणि मत द्या. तुमच्या नावावर कुणी आधीच मत देऊन गेले असेल तर 'टेंडर व्होट' मागा. एखाद्या केंद्रावर अशी मते १४ टक्क्यांच्या वर गेली तर तिथे फेरमतदान होते. शेवटी, जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा, अशी विनंती.

पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण या संदेशामुळे माणसे निर्धास्त होतात, यादी बघत नाहीत आणि मतदानाच्या दिवशी केंद्राच्या दारातून परत फिरतात. त्यामुळे सुरुवात याच संदेशापासून करायला हवी.

लोकसभा आणि विधानसभेचे मतदान १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांप्रमाणे चालते. त्यातला नियम ४९ अ मतदान यंत्राची रचना कशी असावी, एवढेच सांगतो. यादीत नाव नसलेल्याला मत देण्याचा अधिकार तो देत नाही, दुसरा कुठला नियमही देत नाही. 'चॅलेंज' नावाची गोष्ट नियमांत आहे खरी, पण ती बरोबर उलटी आहे. समोर आलेला मतदार हा तो नव्हेच, असा संशय एखाद्या उमेदवाराच्या मतदान प्रतिनिधीला आला तर तो आक्षेप घेतो. त्यासाठी त्याला दोन रुपये रोख भरावे लागतात. केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतो आणि आक्षेप टिकला नाही तर मतदार मत देतो. म्हणजे चॅलेंज मतदाराला दिले जाते, मतदाराने मागायचे नसते.

टेंडर व्होटचा भाग मात्र खरा आहे आणि तो प्रत्येकाला माहीत असायला हवा. आपल्या नावापुढे आधीच कुणाची तरी सही झालेली असेल तर गुपचूप परत येऊ नका. केंद्राध्यक्षाला ओळख पटवून द्या आणि प्रदत्त मत, म्हणजेच टेंडर व्होट, मागा. हे मत यंत्रावर नोंदवले जात नाही. कागदी मतपत्रिका मिळते, ती वेगळ्या पाकिटात ठेवली जाते. नेहमीच्या मोजणीत ही मते धरत नाहीत. निकालाविरुद्ध कुणी न्यायालयात गेले आणि न्यायालयाने तसा आदेश दिला तरच ती उघडली जातात. १४ टक्क्यांचा आकडा कुठल्याही नियमात नाही. पण म्हणून हे पाकीट निरुपयोगी नसते. २००८ मध्ये राजस्थानातल्या नाथद्वारा मतदारसंघात उमेदवार सी. पी. जोशी एका मताने पडले, तेव्हा याच प्रदत्त मतांचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

'माझ्याकडे मतदार कार्ड आहे, म्हणजे माझे मत पक्के'

हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. मत कार्डावर नसते, यादीत असते. कार्ड फक्त 'हा तोच माणूस' एवढे सांगते. दहा वर्षांपूर्वीचे कार्ड जपून ठेवलेले असते, मधल्या काळात घर बदललेले असते, जुन्या पत्त्यावर तपासणीला आलेल्या बीएलओला (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला) कुलूप दिसलेले असते आणि नाव वगळले गेलेले असते. कार्डावर त्याची कसलीच खूण उमटत नाही. याउलट नाव यादीत असेल आणि कार्ड हरवले असेल तर काळजीचे कारण नाही. आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना, फोटो असलेले बँकेचे किंवा पोस्टाचे पासबुक यांपैकी एक मूळ कागद चालतो. मान्य ओळखपत्रांची पूर्ण यादी निवडणूक आयोग प्रत्येक निवडणुकीआधी जाहीर करतो. घरपोच येणारी मतदार चिठ्ठी मात्र ओळखपत्र म्हणून एकटी चालत नाही. केंद्रीय आयोगाने हे २०१९ मध्येच स्पष्ट केले आहे.

लग्न झाले की मुलीचे नाव आपोआप सासरच्या गावी येते, अशीही समजूत आहे. तसे होत नाही. तिने स्वतः नमुना ८ भरून नाव हलवावे लागते. नाही तर गावातल्या निवडणुकीत ती राहते एकीकडे आणि मत दुसरीकडे. हाच नमुना घर बदलल्यावर आणि नाव-वय दुरुस्तीलाही चालतो. नवीन नावासाठी नमुना ६, मृत व्यक्तीचे किंवा चुकीचे नाव वगळण्यासाठी नमुना ७. भाड्याने राहणाऱ्याला घरमालकी दाखवावी लागत नाही, तो तिथे राहतो एवढे पुरते. शिक्षणासाठी पुण्याला आलेला लातूर-नांदेडचा विद्यार्थीही वसतिगृहाच्या पत्त्यावर नाव नोंदवू शकतो. फक्त मग गावचे नाव ठेवता येत नाही. दोन्हीकडे नाव ठेवून खोटे निवेदन दिले तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ज्यांना घरच नाही त्यांच्यासाठीही सोय आहे. जिथे ते झोपतात तिथे बीएलओने रात्री जाऊन खात्री करायची असते.

'यादी लागली की बघू, नाव नसेल तर तेव्हा घालू'

विधानसभेसाठी हे काही प्रमाणात जमून जाते, कारण उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंत यादीत नाव जाऊ शकते. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपरिषद, महापालिकेच्या निवडणुकीत मात्र जमत नाही. इथेच हजारो लोक फसतात, म्हणून हे जरा सावकाश समजून घेऊ.

या निवडणुका घेतो तो राज्य निवडणूक आयोग, दिल्लीचा नव्हे. पण राज्य आयोग स्वतःची मतदार यादी तयार करत नाही. तो एक तारीख ठरवतो आणि त्या दिवशी विधानसभेच्या यादीत जी नावे असतील तीच घेऊन प्रभागांत वाटतो. २०२५ मध्ये सुरू झालेल्या नगरपरिषदा आणि महापालिकांच्या निवडणुकांना १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. त्यानंतर अठरा पूर्ण झालेल्या किंवा नंतर नाव नोंदवलेल्या कुणालाही त्यात मत नव्हते. प्रभागनिहाय प्रारूप यादी कार्यालयाच्या फलकावर लागते आणि हरकतींसाठी मोजके दिवस मिळतात, तेव्हा तिथे नवीन नाव घेतले जात नाही. दुरुस्ती होते ती एवढीच: विधानसभेच्या यादीत नाव असून प्रभागाच्या यादीत राहून गेले, रस्त्याच्या अलीकडची चाळ पलीकडच्या प्रभागात टाकली गेली, छपाईत काही चुकले.

तेव्हा क्रम लक्षात ठेवा. विधानसभेच्या यादीत नाव नोंदवायचे काम बारमाही आहे आणि ते आजच करायचे. अठराव्या वर्षासाठी आता वर्षात चार तारखा धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. घरात कुणी मुलगा-मुलगी सतरा ओलांडून गेली असेल तर अर्ज आधीच करून ठेवता येतो. मग प्रारूप यादी लागली की स्वतःच्या प्रभागाची पाने उलटायची. आपले नाव सापडले की थांबू नका, आईवडिलांची आणि शेजारच्या आजींचीही नावे बघा. २०२५ च्या याद्यांत काही नावांपुढे दोन तारका होत्या. त्याचा अर्थ नाव कापले गेले असा नव्हता. हे नाव दुबार असण्याची शक्यता आहे, कुठे मत देणार ते सांगा, अशी ती खूण होती.

'एक माणूस, एक बटण'

विधानसभेत तसेच असते. स्थानिक निवडणुकीत तसे बहुधा नसते आणि यंत्रासमोर उभ्या माणसाची खरी धांदल इथेच उडते. मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडतात, त्यामुळे एक मत. पुणे, ठाणे, नाशिकसारख्या शहरांत बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे, म्हणून चार मते. जिल्हा परिषदेला एक आणि पंचायत समितीला एक, अशी दोन. नगरपरिषदेत सदस्यांबरोबर नगराध्यक्षालाही थेट मत द्यायचे. ग्रामपंचायतीत वॉर्डातल्या दोन-तीन सदस्यांची मते आणि त्यावर सरपंचाचे. थेट सरपंच निवडीची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली. त्यामुळे लोकांचा गोंधळ उडणे साहजिक आहे.

चार जागांना अ, ब, क, ड अशी अक्षरे असतात आणि प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळ्या रंगाची असते. पहिले बटण दाबले, दिवा लागला, झाले, असे समजून लोक वळतात. पण सगळ्या जागांची मते नोंदवल्याशिवाय मत पूर्ण होत नाही आणि बझर वाजत नाही. एखाद्या जागेवर कुणीच पसंत नसेल तर त्या जागेचे 'नोटा' दाबायचे, ती जागा रिकामी सोडायची नाही. आणि यंत्राशेजारी व्हीव्हीपॅट दिसले नाही म्हणून घाबरायचे नाही. सात सेकंद चिठ्ठी दाखवणारे ते यंत्र लोकसभा-विधानसभेला असते, महाराष्ट्रातल्या स्थानिक निवडणुकांत ते सहसा वापरत नाहीत. ते असावे अशी मागणी रास्त आहे असे मला वाटते. पण नसणे म्हणजे त्या केंद्रावर काही काळेबेरे आहे, असा अर्थ होत नाही.

याच रंगीत मतपत्रिकांमुळे आणखी एक चुकीची समजूत पसरते: महिलांसाठी राखीव जागेवर बायकांनीच मत द्यायचे, अनुसूचित जातीच्या जागेवर त्या समाजाने. आरक्षण उमेदवाराला असते, मतदाराला नाही. प्रत्येक मतदार प्रत्येक जागेला मत देतो. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांतल्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. त्या जागांकडे पुरुषांनी 'ते बायकांचे' म्हणून बघायचे आणि बायकांनी घरातल्या पुरुषाला विचारून बटण दाबायचे, हे दोन्ही बंद व्हायला हवे.

नोटाबद्दलही दोन टोकांच्या समजुती आहेत. काहींना ते वाया गेलेले मत वाटते, काहींना वाटते की नोटा जास्त झाले तर सगळे उमेदवार कायमचे बाद. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालाने नोटा आले. लोकसभा-विधानसभेत नोटाला कितीही मते पडली तरी उमेदवारांमध्ये पुढे असेल तोच निवडून येतो. महापालिका आणि नगरपरिषदांसाठी मात्र राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये वेगळा आदेश काढला: नोटाला सर्वाधिक मते पडली तर कुणालाही विजयी घोषित न करता पुन्हा निवडणूक घ्यायची.

'बिनविरोध झाली म्हणजे गावाचे भले झाले'

सगळ्यांनी बसून, मोकळेपणाने बोलून एखाद्याला पुढे केले तर त्यात वाईट काही नाही. पण बिनविरोध या शब्दाआड लिलाव होतात. २०२१ च्या जानेवारीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या गावांत सरपंचपदासाठी जाहीर बोली लागल्याचे उघड झाले आणि राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही ठिकाणची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. पैसा देवळाच्या कामाला जाणार होता, असे समर्थन झाले. देवळासाठी वर्गणी काढता येते. गावातल्या गरिबाचा उभे राहण्याचा हक्क त्यासाठी विकता येत नाही. तुमच्या गावात अशी बैठक बसत असेल तर तहसीलदारांकडे तक्रार करा.

धमकीही याच वाटेने येते: 'तू कुणाला दिलेस ते आम्हाला कळणार.' कळत नाही. केंद्रनिहाय एकूण मते जाहीर होतात हे खरे, त्यामुळे लहान वॉर्डात वस्तीचा कल लोक ताडतात. पण यंत्रात मतासोबत नाव नसते. कुणी बटणाचा फोटो मागत असेल तर सरळ सांगा की मोबाइल आत नेता येत नाही. दृष्टिहीन किंवा थकलेल्या मतदाराला सोबती नेता येतो. तो अठरा वर्षांवरचा हवा आणि त्या दिवशी त्याने एकाच मतदाराची सोबत करायची असते. पाच-सहा म्हाताऱ्यांना एकामागून एक आत नेणारा कार्यकर्ता दिसला तर तिथेच हरकत घ्या.

आपल्या एका मताने काय होणार, असे म्हणणाऱ्यांना मी २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीची आठवण करून देतो. प्रभाग २२० मध्ये फेरमोजणी झाली आणि भाजपचे अतुल शाह आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांची मते अगदी समसमान निघाली. शेवटी चिठ्ठी काढली आणि शाह नगरसेवक झाले. त्या दिवशी घरी बसलेल्या प्रभागातल्या कुठल्याही एका माणसाने निकाल ठरवला असता. ग्रामपंचायतीत तर असे निकाल प्रत्येक फेरीत कुठे ना कुठे लागतात.

उशीर झाला म्हणून कामावरून परस्पर घरी जाणाऱ्यांसाठी शेवटची गोष्ट. स्थानिक निवडणुकीत मतदान साधारण सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच असते. साडेपाचला केंद्राचा दरवाजा बंद होतो, पण तेव्हा रांगेत असलेल्या प्रत्येकाचे मत घ्यावेच लागते. केंद्राध्यक्ष रांगेतल्या शेवटच्या माणसापासून क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटत पुढे येतो, म्हणजे मागून कुणी नव्याने उभे राहू शकत नाही. चिठ्ठी हातात पडली की, अंधार पडला तरी, आपला नंबर येईपर्यंत जागा सोडू नका.