राजाच्या हातातला विळा

एक जुनं चित्र आहे. त्यात एक राजा ऐटीत बसलाय. डोक्यावर पिसांची उंच टोपी, अंगभर तांब्याचे दागिने आणि हातात चक्क विळा! महाराज गवत कापायला निघाले की काय?

हा मांगबेटू लोकांचा राजा म्बुन्झा. आजच्या काँगो देशाच्या ईशान्य भागात, उएले नदीच्या मुलखात हे लोक राहतात. १८७० साली श्वाइनफुर्थ नावाचा एक वनस्पतिशास्त्रज्ञ तिथे पोचला. आला होता झाडापानांसाठी, पण राजाचं चित्र काढल्याशिवाय त्याला राहवलं नाही.

त्या विळ्याला म्हणतात ट्रुंबाश. एरवी तो लोखंडाचा, राजाचा मात्र शुद्ध तांब्याचा. आता तांबं किती मऊ! तांब्याची बारीक तार बोटांनीसुद्धा वाकते. मग असलं पातं कापणार काय? कपाळ! पण ते कापायला नव्हतंच मुळी, मिरवायला होतं.

लोखंडी पात्याची गोष्ट वेगळी. लोखंड वितळतं १५३८ अंश सेल्सिअसला. कोळशाच्या साध्या भट्टीत एवढी धग कुठून आणायची? पण आफ्रिकेतले जुने लोहार लोखंड वितळवायच्या भानगडीत पडतच नसत. भाता मारून भट्टी फुलवली, की कोळशातून निघणारा वायू दगडातल्या लोखंडाला चिकटलेला ऑक्सिजन ओढून नेतो. मागे उरतो स्पंजासारखा सच्छिद्र गोळा. तो तापवायचा, ठोकायचा, पुन्हा तापवायचा. ठोकता ठोकता मळी बाहेर पडते आणि हाती येतं घडवण्याजोगं लोखंड.

पात्याच्या मधोमध बऱ्याचदा एक उंच कणा असतो. तो नुसता शोभेचा नाही बरं! कागदाची लांब पट्टी घ्या आणि एका टोकाला धरा. मान टाकते ना? आता तिला मधोमध लांबीच्या बाजूने घडी घाला, घडी थोडी उघडी ठेवा आणि पुन्हा धरा. कशी ताठ राहते! पात्याचा कणाही हेच काम करतो.

मूठ लाकडाची नाहीतर हस्तिदंती. काही मुठींवर माणसाचं डोकं कोरलेलं असतं, मागे निमुळतं होत गेलेलं. हे काही कारागिराच्या मनचं नाही. बड्या घरांत तान्ह्या बाळाच्या डोक्याला दोऱ्या गुंडाळून ते खरोखरच लांबट करत! अशी कोरीव डोकी युरोपातून आलेल्या पाहुण्यांना फार आवडू लागली, तशी ती जास्तच कोरली जाऊ लागली. संग्रहालयात कधी तसली मूठ दिसली, तर ती आधी मागून बघा. केसांची बांधणीसुद्धा कोरलेली सापडेल.